जिनिव्हातली एक शाळा आणि दप्तरी लागलेले अर्ज

विल्यम रॅपार्ड हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावरून गेलेलं नसेल. जिनिव्हात मात्र जागतिक व्यापार संघटनेचं मुख्यालय ज्या इमारतीत आहे, तिलाच त्यांचं नाव दिलंय. मी ज्या संस्थेत शिकते, ती १९२७ मध्ये त्यांनी आणि पॉल मांतू या फ्रेंच इतिहासकाराने सुरू केली. आंतरराष्ट्रीय अभ्यासाची पदव्युत्तर संस्था, लोक नुसतंच ‘ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट’ म्हणतात. ‘तुझं कॉलेज नक्की कसलं गं?’ असं आईपासून आत्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, आणि फोनवर ते नीट सांगता येत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये पॅरिसला शांतता परिषद भरली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीचे प्रमुख बंद खोलीत बसून जगाचे नकाशे ठरवत होते, आणि त्या खोलीत दुभाषे म्हणून बसले होते मांतू. आदल्या दिवशीच्या बैठकीत कोण काय बोललं, हे ते दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या टिपणांवरून सांगून टंकून घेत. पुढे १९५५ मध्ये ती टिपणं छापली गेली आणि त्या बैठकांचा एक मोठा आधार ठरली. रॅपार्ड मूळचे स्विस, पण जन्म न्यूयॉर्कचा. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्याशी त्यांची ओळख होती, आणि लीग ऑफ नेशन्स, म्हणजे पहिला राष्ट्रसंघ, जिनिव्हात यावा यासाठी त्यांनी ती ओळख पुरेपूर वापरली. लीग इथे आली. मांतू तिच्या राजकीय विभागाचे संचालक झाले, रॅपार्ड मँडेट विभागाचे (तो काय, ते पुढे सांगते).

दोघांनी आतून काम पाहिलं होतं आणि अडचण कुठे आहे ते त्यांना कळलं होतं. लीगच्या सचिवालयात वेगवेगळ्या देशांची माणसं येत होती, पण प्रत्येक जण शिकून आलेला आपल्याच देशाचा कायदा, आपल्याच देशाचा इतिहास आणि त्या इतिहासातले आपलेच शत्रू. देशांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास हाच मुख्य विषय असलेल्या संस्था तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मग लीगच्या दारातच एक संस्था काढायची ठरली. शिक्षण फक्त पदवीनंतरचं, शिक्षक आणि विद्यार्थी अनेक देशांचे, आणि इतिहास, कायदा, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र एकाच छताखाली. पैसा जिनिव्हा कँटनकडून, म्हणजे इथल्या राज्य सरकारकडून, स्विस सरकारकडून आणि मोठा वाटा अमेरिकेतल्या रॉकफेलर निधीतून आला.

मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो पुढच्या दहा-बारा वर्षांचा. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि हान्स केल्सन यांची कोलोन विद्यापीठातली नोकरी गेली. ऑस्ट्रियाची १९२०ची राज्यघटना घडवणारा हा कायदेपंडित ज्यू कुटुंबातला होता. त्यांना जिनिव्हाने बोलावलं. पाठोपाठ १९३४ मध्ये व्हिएन्नाहून अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस आले, १९३७ मध्ये इस्तंबूलमार्गे जर्मन अर्थतज्ज्ञ विल्हेल्म रोप्के आले. मुसोलिनीच्या राजवटीशी न पटलेले इतिहासकार गुल्येल्मो फेरेरोही इथेच शिकवत होते. लहानशी संस्था, पण तिने या माणसांना पगार दिला, वर्ग दिले आणि लिहायला निवांतपणा दिला. तिकडे लीग मात्र खचत चालली होती. जपानने मांचुरिया घेतला, इटलीने ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया), एकेका प्रसंगी ती हतबल ठरली. १९४० मध्ये केल्सन आणि मिझेस दोघेही अमेरिकेला निघून गेले. १९४६ मध्ये लीग रीतसर विसर्जित झाली. जिच्यासाठी शाळा काढली ती संघटना गेली, शाळा राहिली. ती लीगच्या हुकमतीखाली नव्हती म्हणूनच राहिली, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं संस्थेच्या माहितीपत्रकातही सापडेल. पण भारतातून आलेल्या माणसाने हा इतिहास आणखी एका बाजूने वाचायला हवा.

रॅपार्ड ज्या मँडेट विभागाचे प्रमुख होते, तो काय होता? युद्धात हरलेल्या जर्मनी आणि तुर्कस्तानकडून काढून घेतलेले मुलूख लीगच्या नावाने ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, जपान, दक्षिण आफ्रिका वगैरेंच्या ताब्यात दिले गेले. इराक, पॅलेस्टाइन, सीरिया, टांगानिका, कॅमेरून, सामोआ, नाउरू. तिथली जनता ‘अजून स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही’ असं लीगच्या कराराच्या बाविसाव्या कलमातच लिहिलेलं आहे. राज्यकर्त्या देशाने दरवर्षी अहवाल द्यायचा आणि मँडेट आयोगाने तो तपासायचा. जनतेला तक्रार करायची मुभा होती, पण ती लेखी, आणि पाठवायची ती ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याच हातून. त्या सरकारने स्वतःचा शेरा जोडून ती जिनिव्हाला धाडायची.

लीगचं दप्तर संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या ग्रंथालयात जपलेलं आहे. एका सेमिनारच्या निमित्ताने मी सामोआच्या फायली पाहिल्या. जाड पुठ्ठ्याचं आवरण, वर नोंदणीक्रमांक, आत पहिलंच पान शेऱ्यांचं. एका अधिकाऱ्याने दोन ओळी लिहून खाली आद्याक्षरं टाकायची, दुसऱ्याने त्याखाली आणखी दोन ओळी, मग तारीख. आपल्या सरकारी कचेरीतली फाइल जशी टेबलावरून टेबलावर सरकते, अगदी तशीच. मजकूर सभ्य, अक्षर सुंदर. सामोआत तेव्हा न्यूझीलंडचा कारभार होता आणि त्याविरुद्ध ‘माऊ’ नावाची अहिंसक चळवळ उभी राहिली होती. सुमारे आठ हजार सामोअन लोकांनी सह्या केलेला अर्ज लीगकडे आला. चळवळीतले एक पुढारी, ओलाफ नेल्सन, १९२८ मध्ये एवढा समुद्र ओलांडून स्वतः जिनिव्हात येऊन थडकले. आयोगाने त्यांना समोर बसवून त्यांचं म्हणणं ऐकलं नाही. अर्जदारांची गाठ घ्यावी का, हा प्रश्न त्याआधीच निघाला होता आणि ब्रिटन-फ्रान्ससारख्या सत्तांनी तो हाणून पाडला होता. रॅपार्ड तेव्हा त्या आयोगाचे सदस्य होते, आणि त्याच वर्षांत इथून काही मिनिटांवर आमच्या संस्थेची घडी बसवत होते.

मी रॅपार्ड यांना खलनायक ठरवत नाही. त्या आयोगातले ते अभ्यासू आणि स्वतंत्र विचारांचे सदस्य होते. पण शांततेचा अभ्यास करणाऱ्या शाळेच्या वर्गात सामोआचा माणूस विद्यार्थी म्हणून बसू शकतो, ही कल्पना त्या काळाच्या आवाक्यात नव्हती, आणि हे स्पष्ट म्हटल्याशिवाय संस्थेचा इतिहास पुरा होत नाही.

आपला देश तर आणखीच विचित्र जागी होता. भारत लीगचा संस्थापक सदस्य, पण शिष्टमंडळ कोणतं जायचं ते ठरवणार ब्रिटिश सरकार. त्यातल्या त्यात आपला स्वतःचा आवाज ऐकू आला तो कामगार परिषदेत. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते आपले नारायण मल्हार जोशी. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य, मुंबईतल्या गिरणी कामगारांमध्ये काम केलेले. पुढे जिनिव्हातल्या परिषदांनाही ते येत राहिले. आज जिला रॅपार्ड यांचं नाव आहे, ती तळ्याकाठची इमारत मुळात १९२६ मध्ये बांधली गेली ती आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयासाठीच. तिच्यावरून जाताना मला दर वेळी ना. म. जोशी आठवतात, आणि परळच्या त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून इतकी वर्षं बसने गेले तरी हे कधी कुणी सांगितलं नाही याची चुटपुट लागते.

त्याच भारत सेवक समाजातले हृदयनाथ कुंझरू स्वातंत्र्यानंतर भारतीय विश्वकार्य परिषदेचे अध्यक्ष होते. या परिषदेच्या पुढाकाराने १९५५ मध्ये दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची आपली स्वतःची संस्था निघाली. १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. जगाकडे आपल्या डोळ्यांनी पाहणारी माणसं आपणच तयार करायची, ही जिद्द त्यामागे होती.

जिनिव्हातही वारं बदलत होतं. १९६१ मध्ये, आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत असताना, इथे ‘आफ्रिका संस्था’ निघाली. तिचंच पुढे विकास-अभ्यासाच्या संस्थेत रूपांतर झालं. त्याच सुमाराला, १९६१-६२ मध्ये, घानाचा एक तरुण आमच्या संस्थेत शिकत होता. तो इथूनच जागतिक आरोग्य संघटनेत नोकरीला लागला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांचा महासचिव झाला. कोफी अन्नान. २००८ मध्ये या दोन्ही संस्था एक झाल्या. एक मुत्सद्देगिरी आणि कायद्याची, दुसरी शेती, गरिबी, स्थलांतर यांची. या विलीनीकरणानेच संस्थेचं ध्येय खऱ्या अर्थाने पुरं झालं असं मला वाटतं. आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि विकसनशील समाजांची प्रगती ही दोन वाक्यं आता एकाच दमात म्हटली जातात.

२०१३ पासून वर्ग भरतात ते ‘मेझों द ला पे’ या काचेच्या इमारतीत. फुलाच्या सहा पाकळ्यांसारखी रचना, अगदी खेटून रेल्वेचे रूळ, आणि दाराशी १५ नंबरची ट्राम. ग्रंथालयात खिडकीजवळ बसलं की लोझानच्या गाड्या येता-जाता दिसतात. शिकवणं इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. सेमिनारमध्ये दहा-पंधरा जण असतात आणि त्यात दोन जण एका देशाचे निघाले तर नवल. सामोआच्या फायलींवर बोलणं चाललं होतं, तेव्हा कॅमेरूनची एक मैत्रीण म्हणाली, की तिच्या पणजोबांच्या गावानेही असा अर्ज केल्याचं घरात सांगतात. पुढचा तास प्राध्यापकांनी ठरवलेला धडा बाजूलाच राहिला. तो अर्ज कुठल्या सालच्या फायलींत असू शकेल, हेच आम्ही सगळे मिळून शोधत बसलो.

लीगच्या दप्तराची दीड कोटीच्या आसपास पानं आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. कामगार परिषदांची इतिवृत्तंही आहेत, त्यात ना. म. जोशींची भाषणं सापडतात. पुण्या-मुंबईत इतिहास किंवा कामगार कायदा शिकणाऱ्या कुणाला प्रबंधाला विषय हवा असेल, तर त्यासाठी जिनिव्हाचं तिकीट काढायचीही गरज नाही. प्रवेश आणि शिष्यवृत्तीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे, त्यावर पुढच्या वेळी लिहीन.