नायमेखनहून नौपाड्याच्या गप्पांकडे

‘आजीने गरम पोळीवर मोजे वाढले.’

‘मोजे’पाशी तुमचा मेंदू अडखळला. शब्द समोर आल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी या अडखळण्याची लहर डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून टिपता येते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली ती दाखवून दिली. त्यांच्या वाक्यात गरम पावाला मोजे फासले होते. त्याच वर्षी इथे, नेदरलँड्समधल्या नायमेखनला, माक्स प्लांक संस्थेचं मानसभाषाविज्ञान केंद्र सुरू झालं. त्यामुळे पाऊस आणि सायकलींचं हे नदीकाठचं गाव आमच्या विषयाची, म्हणजे माणूस भाषा कशी समजतो आणि बोलतो याच्या अभ्यासाची, पंढरी आहे. मी इथे शिकते.

पण त्या जुन्या प्रयोगांत वाक्य पडद्यावर एकेक शब्द करून दाखवायचे. असं कोण बोलतं? ठाण्यात तर नाहीच. मेंदू भाषा ऐकतो तो कुकरच्या शिट्ट्यांत, गोखले रोडच्या हॉर्नमध्ये, तिघं एकदम बोलत असताना. म्हणून आता बरेच संशोधक सुट्या वाक्यांऐवजी अख्खी गोष्ट ऐकवतात. प्रिन्स्टनमधल्या उरी हॅसन यांच्या गटाने २०१० मध्ये गोष्ट सांगणारी आणि ती ऐकणारे, अशा दोन्हीकडच्या मेंदूंची चित्रं ताडून पाहिली. ऐकणाऱ्यांचा मेंदू सांगणारीच्या मागोमाग चालत होता आणि काही भागांत तर तिच्या पुढे पळत होता. रशियनमध्ये सांगितलेली गोष्ट रशियन न येणाऱ्यांना ऐकवली, तेव्हा हा मेळ नाहीसा झाला.

मला मात्र गोष्टीपेक्षा गप्पांचं वेड आहे. २००९ मध्ये इथल्याच संशोधकांनी दहा भाषांमधली प्रश्नोत्तरं मोजली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. जपानीत सगळ्यात कमी, डॅनिशमध्ये सगळ्यात जास्त. आता गंमत बघा. चित्र बघून एक साधा शब्द उच्चारायलाच जवळपास ६०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचं बोलणं चालू असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतो. ऐकणं आणि बोलायची तयारी, दोन्ही एकाच वेळी.

त्या दहांत भारतातली एकही भाषा नव्हती. मराठीत तर क्रियापद शेवटी, ‘नाही’ त्याच्याही मागे: ‘मी उद्या गडकरीला नाटकाला येणार... नाही.’ मग ऐकणाऱ्याने थांबायला हवं ना? जपानीतही क्रियापद आणि नकार शेवटीच येतात, आणि उत्तरं मात्र सगळ्यात झटपट. आमच्या नौपाड्याच्या घरीही कोणी थांबत नाही. दिवाळीत सगळे जमले होते, तेव्हा माझा प्रश्न निम्मा असतानाच आत्याचं उत्तर सुरू, त्यात काकांचं हिंदी, चुलत भावाचं इंग्रजी. मी फराळ खायचा सोडून कान देऊन बसले होते. (चकल्या संपल्या. असो.)

मग तिथेच का नाही मोजत? अडचण इलेक्ट्रोड बसवलेल्या टोपीची. मेंदूची ही लहर व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढी. पापणी लवली, जबडा हलला की स्नायूंची वीज तिच्या कितीतरी पट मोठी, आणि गप्पा मारणाऱ्याला जबडा हलवू नकोस असं कसं सांगणार? हा गोंधळ वेगळा काढायच्या पद्धती आहेत, पण त्यात खरी लहरही थोडी पुसली जाण्याची भीती असते. प्रयोगशाळेत सगळं स्वच्छ मिळतं, पण माणूस गप्प बसलेला असतो. मला विचाराल तर थोडी खरखर चालेल, पण गप्पा खऱ्या हव्यात. पाठीवरच्या पिशवीत मावतील अशी यंत्रं आता मिळतात. तलावपाळीवर एखादी जोडी तशी फिरवायचा माझा बेत आहे. परवानग्यांचं बघू.

आत्या टोपी घालायला लगेच तयार झाली. फक्त त्या दिवशी केस धुऊन यायचं, तेल अजिबात लावायचं नाही, शिवाय इलेक्ट्रोडपाशी जेल भरणार, हे ऐकल्यावर म्हणाली, ‘अगं, मग काकांना विचार. त्यांना तसेही केस नाहीत.’