दीडशे किलोवॉटच्या चार्जरवर पाच किलोवॉट

फास्ट चार्जर चालवणाऱ्या कंपनीकडे मी केलेल्या तक्रारीला क्रमांक मिळाला, आठ दिवसांत ती निकालीही निघाली, पण निकालाच्या निरोपात 'थंडी' हा शब्द एकदाही आला नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला बसले आहे. इलेक्ट्रिक गाडी घेणे, घरी चार्जर बसवून घेणे, पहिले सात-आठ महिने ती चालवणे हे सगळे इतके सुरळीत झाले की त्यातले सांगण्यासारखे काही आठवतही नाही. अडले ते हिवाळ्यात, एका फास्ट चार्जरसमोर. तिथे गेलेले दोन तास मात्र मिनिटामिनिटाने आठवतात.

नातेवाइकांकडे मुक्काम होता आणि गाडी दोन रात्री उघड्यावर उभी होती. रात्रीचे तापमान उणे २२ अंशांपर्यंत उतरत होते. गाडी लावली तेव्हा बॅटरी ३८ टक्के होती. निघायच्या दिवशी सकाळी ती ३१ टक्के दिसली आणि आकड्याशेजारी बर्फाच्या पाकळीचे निळे चिन्ह उमटले होते. त्यातला थोडा दोष माझाच. काळजीपोटी मी दर तासाला ॲप उघडून टक्के बघत होते आणि ॲप उघडले की गाडीची झोपलेली यंत्रणा दर वेळी जागी होते, हे मला नंतर कळले. घर १४० किलोमीटरवर होते. एरवी ४०० किलोमीटर जाणारी गाडी त्या थंडीत २३० च्या आसपास जात होती, म्हणजे ३१ टक्क्यांत सत्तर किलोमीटर आणि घर गाठायला किमान ६१ टक्के हवेत, असा सरळ हिशेब होता. नऊ किलोमीटरवर फास्ट चार्जर होता. फोनवरच्या नकाशात त्याचा पत्ता टाकला आणि निघाले. 'फोनवरच्या' हा शब्द लक्षात ठेवावा, पुढचे सगळे रडगाणे त्याच्यामुळेच आहे.

पहिल्याच वळणावर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावली नाही, तशीच घरंगळत पुढे गेली आणि मला ब्रेक दाबावा लागला. गाडी मंदावताना चाकांतून निर्माण होणारी वीज एरवी बॅटरीत परत जाते; गारठलेली बॅटरी ती घेत नाही. जी बॅटरी चाकांकडून येणारी थोडीशी वीज नाकारते, ती चार्जरची दीडशे किलोवॉट कशी घेणार, हा प्रश्न मला तिथेच पडायला हवा होता. मी रस्ता निसरडा आहे एवढेच मनाशी म्हटले.

स्टेशनवर चार यंत्रे होती, त्यांतले एक बंद आणि एक रिकामे. चार्जिंग पोर्टचे झाकण गोठून बसले होते, ते तळहाताच्या कडेने चारही बाजूंनी हळूहळू ठोकल्यावर सुटले. केबल लाकडासारखी ताठ झाली होती. ती वाकवून तिच्या टोकाची गन, म्हणजे गाडीला जोडायचा भाग, पोर्टपर्यंत न्यायला दोन्ही हात आणि एक गुडघा लागला. यंत्रावर मोठ्या अक्षरांत १५० किलोवॉट लिहिलेले होते. चार्जिंग सुरू झाले आणि पडद्यावर आकडा आला : ५. मला वाटले, वाढेल. दहा मिनिटांनी तो ५ च होता, वीस मिनिटांनीही ५ च, आणि बॅटरी ३१ टक्क्यांवरून तसूभरही हलली नव्हती. त्या स्टेशनवर आकारणी युनिटवर नाही, मिनिटांवर होते. वीज न घेता मी नुसत्या वेळेचे पैसे मोजत होते.

चार्जर चालवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितले की त्यांच्या संगणकावर यंत्र ठीक दिसत आहे, गाडीनेच तेवढी वीज मागितली आहे, तेव्हा मी गाडीच्या कंपनीशी बोलावे. गाडीच्या कंपनीत फोन केला. तिथल्या गृहस्थांनी पाच मिनिटे संगीत ऐकवून सांगितले की गाडीत कोणताही बिघाड नोंदलेला नाही, चार्जर बदलून पाहावा किंवा चार्जरवाल्यांशी बोलावे. चौथ्या फोनपर्यंत माझी बोटे बधिर झाली होती, कारण हातमोजे घालून फोनचा पडदा चालत नव्हता. आज शांतपणे विचार केला तर त्या दोघांचेही म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. यंत्र ठीक होते, गाडी ठीक होती, फक्त बॅटरी गारठली होती, आणि हे तीन शब्द बोलायला त्या दोघांच्या समोरच्या कागदावर जागा नव्हती.

आत काय चालले होते ते मी नंतर समजून घेतले. लिथियम-आयन बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, बॅटरीतल्या द्रवातून प्रवास करून तिच्या एका टोकाला असलेल्या ग्राफाइटच्या थरांत शिरतात. थंडीत तो द्रव दाटतो आणि ग्राफाइटमध्ये शिरण्याचा वेगही मंदावतो. अशा वेळी बाहेरून जोरात वीज ढकलली तर आयन आत शिरण्याऐवजी ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातूचा थर होऊन बसतात. हे नुकसान बव्हंशी कायमचे असते, म्हणून बॅटरी शून्य अंशांखाली असताना गाडीची नियंत्रण यंत्रणा फार थोडी वीज आत येऊ देते आणि आधी बॅटरी तापवायला घेते. ते तापवणेही झटपट होणारे काम नाही. चारशे किलो वजनाच्या बॅटरीचे तापमान एका अंशाने वाढवायला ढोबळमानाने चारशे किलोज्यूल लागतात. पाच किलोवॉट मिनिटाला तीनशे किलोज्यूल देतात, म्हणजे मिनिटाला पाऊण अंश, त्यातूनही बाहेरचा गारठा आपला वाटा काढून घेणार. बॅटरी उणे अठरावर असेल तर शून्यावर यायला निदान पंचवीस मिनिटे जाणारच. ती नऊ किलोमीटरची वाट तिला तापवायला अगदीच अपुरी होती.

आणि झालेही तसेच. अठ्ठाविसाव्या मिनिटाला आकडा ५ वरून ९ झाला, मग १४, मग २२. चाळिसाव्या मिनिटाला ३० किलोवॉट दिसले तेव्हा मला भर थंडीत हायसे वाटले. पंचेचाळिसाव्या मिनिटाला चार्जिंग बंद पडले. रांग असेल तर एका गाडीला पंचेचाळीस मिनिटेच, असा त्या स्टेशनचा नियम होता आणि माझ्यामागे आता तीन गाड्या उभ्या होत्या. नियम योग्यच आहे. पण त्यातली पहिली अठ्ठावीस मिनिटे बॅटरी शेकण्यात गेली होती आणि पदरात पडले होते जेमतेम नऊ टक्के. त्यात गन निघेना. पोर्टमधली खीळ गोठली होती. गाडी उघड-बंद करून, गन किंचित आत दाबून पुन्हा ओढून, शेवटी दहा मिनिटांनी ती सुटली. तोवर जागा अडवल्याचा वेगळा आकार सुरू झाला होता आणि मागच्या गाडीने दोनदा हॉर्न वाजवला होता.

४० टक्के घेऊन मी रांगेच्या शेवटी गेले. पुढे उभ्या असलेल्या टॅक्सीचा चालक माझी धडपड पाहत होता. तो काचेजवळ आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला : इथे येताना स्टेशनचा पत्ता गाडीच्या नकाशात टाकला होता का? मी फोनकडे बोट दाखवले. तो हसला, तेव्हा मला अपमान वाटला. आता त्याचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. त्याने समजावले की गाडीच्या स्वतःच्या नकाशात फास्ट चार्जर हे ठिकाण म्हणून टाकले, तरच गाडीला पुढे काय होणार आहे ते कळते आणि ती वाटेतच बॅटरी तापवायला लागते. फोनवरच्या नकाशाचा तिला पत्ताही नसतो. मी उभी होते तेच स्टेशन टाकले असते तर गाडी म्हणाली असती की आपण पोहोचलो आहोत, म्हणून त्याच्या सांगण्यावरून बारा किलोमीटरवरचे पुढचे स्टेशन टाकले. पडद्यावर ओळ आली : फास्ट चार्जिंगसाठी बॅटरी तापवत आहे. माझ्या गाडीत एवढे पुरले. काही गाड्यांत यासाठी वेगळे बटण असते आणि काही जुन्या गाड्यांत ही सोयच नसते, तेव्हा हिवाळ्याआधी आपल्या गाडीचे पुस्तक उघडून ते पाहून ठेवावे.

रांगेत अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासात माझे ४० टक्के ३४ वर आले. तापवायला वीज लागते आणि ती बॅटरीतूनच जाते. डोळ्यांसमोर टक्के उतरत असताना गप्प बसून राहणे ही त्या दिवसातली सर्वांत अवघड गोष्ट होती. दोनदा माझा हात ते ठिकाण रद्द करायला पुढे गेला. पण पाळी आली, गन लावली आणि पहिल्याच मिनिटाला आकडा आला ६२. तेच स्टेशन, तेच यंत्र, तीच थंडी. बावीस मिनिटांत ७० टक्के झाले आणि मी निघाले. घरी पोहोचले तेव्हा ८ टक्के उरले होते, याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे.

तक्रारीच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी होती : यंत्र बंद, केबल खराब, पैसे दोनदा कापले, ॲप चालत नाही. मी 'चार्जिंग संथ' शोधत होते, ते नव्हते. 'यंत्र बंद' निवडून खाली सगळे लिहिले, तर उत्तर आले की त्या वेळी यंत्र सुरू होते, सबब तक्रार निकाली. माझी मागणी पैशांची नव्हतीच. थंडीच्या दिवसांत बॅटरी तापवून या, एवढी एक पाटी यंत्रावर लावा, असे मी लिहिले होते. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत कडाक्याच्या थंडीत चार्जरसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि काही बंद पडल्या, तेव्हाही बॅटरी आधी न तापवता येणे हे एक मोठे कारण होते; म्हणजे हा केवळ माझा वेंधळेपणा नाही.

'थंडीत इलेक्ट्रिक गाडी नको, आम्ही सांगत होतो' म्हणणारे नातेवाईक सगळ्यांनाच असतात. नॉर्वेसारख्या थंड देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या, एवढे मी त्यांना सांगते. पेट्रोलची गाडीही थंडीत जास्त तेल पिते, फक्त तिथे टक्के डोळ्यांसमोर नाचत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीतला फरक मोठा आहे हे मात्र कबूल करावे लागते, कारण पेट्रोलच्या इंजिनाची वाया जाणारी उष्णता गाडीत फुकट मिळते आणि आपल्याला ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच गाड्या तपासल्या, तेव्हा उणे ७ अंशांच्या आसपास हीटर बंद असताना रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापले जाणारे अंतर, सरासरी १२ टक्क्यांनी घटली होती आणि हीटर लावल्यावर ४१ टक्क्यांनी. म्हणून लांबच्या वाटेवर मी आता आतली हवा बेताची उबदार ठेवते आणि सीटचे व स्टिअरिंगचे हीटर लावते. आतली हवा तापवायला काही किलोवॉट लागतात, सीटला शंभर वॉटच्या आतबाहेर. विकताना 'हीट पंप आहे, काळजी नको' असे सांगतात. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो आणि साधारण थंडीत विजेच्या दुप्पट-तिप्पट ऊब देतो, पण उणे वीसच्या पुढे त्याचाही जोर ओसरतो.

खरे तर हे सर्वांत आधी सांगायला हवे होते : मुक्कामाच्या ठिकाणी साधा घरगुती सॉकेट जरी मिळत असेल तरी गाडी रात्रभर जोडून ठेवावी. त्यातून टक्के फारसे वाढले नाहीत तरी बॅटरी आणि केबिन तापवायला लागणारी वीज भिंतीतून येते. मी आता निघण्याची वेळ गाडीला आदल्या रात्री सांगून ठेवते, म्हणजे चार्जिंग पहाटे संपते आणि बॅटरी मुळातच ऊबदार असते. आणि फास्ट चार्जरवर जायचेच असेल तर मुक्कामाला पोहोचल्या संध्याकाळी, लांबून आलेली बॅटरी अजून गरम असताना जावे. मी ३८ टक्क्यांवर गाडी लावून जेवायला बसले, तिथेच पहिली चूक झाली. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची (लिथियम-आयनचाच एक प्रकार) बॅटरी असेल तर ती थंडीत अधिकच हट्टी असते, तिला वेळ जास्त धरावा. टायरमधली हवा गारठ्याने आकसते, ती तपासावी. थंड हवा दाटही असते, अधिक २० अंशांच्या तुलनेत उणे २० ला सुमारे सोळा टक्क्यांनी, त्यामुळे हमरस्त्यावर वेग थोडा उतरवला तरी टक्क्यांत फरक दिसतो.

आणखी एक राहिले. गन अडकली तर ती हाताने सोडवण्यासाठी बऱ्याच गाड्यांत डिकीच्या आतल्या बाजूला एक छोटी दोरी किंवा कडी असते. माझ्या गाडीत ती डावीकडच्या झाकणामागे आहे. त्या दिवशी मी तिच्यापासून दोन हातांवर दहा मिनिटे गन ओढत उभी होते.