तुम्ही विचारलंत म्हणून: बिल्डिंगमागच्या त्या रानात असतं तरी काय?

"गणपतीपुळे आहे, रत्नदुर्ग आहे, एवढा समुद्र आहे, आणि तू सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगमागच्या झाडीत काय शोधत असतेस?" सोसायटीतले काका विचारतात, ऑफिसात विचारतात, मुंबईहून आलेली चुलत भावंडं तर हमखास विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, तर एकदाच नीट सांगते.

रत्नागिरीच्या कडेला, म्हणजे कुवारबाव, नाचणे, शिरगाव या बाजूला, भराभर अपार्टमेंट उभी राहिली आणि त्यांच्या मधे मधे रानाचे तुकडे राहून गेले. इथले जमिनीचे भाव बघता काहीच उगाच राहत नाही हो, प्रत्येक तुकड्यामागे कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असतं. ते काय अडलंय हे शोधायचं, हाच माझा छंद, पक्षी-बिक्षी नंतर.

कधी कारण सरळ असतं. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळावर, पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो आणि सड्याच्या कडेला खाली कुठेतरी फुटतो, तिथून पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, निघतो, आणि त्या घळीचा उतार एवढा की तिथे प्लॉट पाडणं परवडतच नाही. झालं, पऱ्या वाचला. देवराईचं कारण तर सांगायलाच नको, देवाच्या झाडाला हात लावायची कुणाची टाप नसते, म्हणून तिथे जुनी, ढोल्या असलेली झाडं टिकतात आणि काकणेरला, म्हणजे धनेश पक्ष्याला, घरटं करायला तशीच ढोली लागते.

पण माझं सगळ्यात आवडतं कारण म्हणजे भाऊबंदकी. सातबाऱ्यावर पानभर नावं, त्यातले अर्धे मुंबईत, काही वारलेले, वारसांची नोंद झालेली नाही, आणि जे आहेत ते एकमेकांशी बोलत नाहीत. बिल्डर येतो, चहा पितो, सातबारा बघतो आणि जातो. तोवर आत ऐन नि किंजळ मस्त वाढत राहतात. त्या ऐनाकडे कधी नीट बघा, जमिनीपासूनच चार-पाच खोडं फुटलेली दिसतील, कारण पूर्वी भाजावळीला (शेतात पाला-फांद्या पसरून जाळायला) नि सरपणाला ही झाडं पुन्हा पुन्हा तोडायचे, मग तोडणारे मुंबईला गेले, नाचणी-वरी सुटली आणि फुटव्यांचीच झाडं झाली. म्हणजे ज्याला आपण जंगल म्हणून फोटो टाकतो ती कुणाच्या तरी आजोबांची वरकस, म्हणजे नाचणी-वरीची हलकी जमीन, असते! आत शिरलं की गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, लागतो, एखादं जोतं लागतं, करवंदीच्या जाळीत तुळशीवृंदावनाचे चिरेसुद्धा सापडतात. आमच्या जिल्ह्यात वनखात्याकडे जमीन अगदीच थोडी, रान जवळजवळ सगळं खासगी मालकीचं, त्यामुळे माझं तर स्पष्ट मत आहे की शहराभोवतीची जेवढी झाडं भांडणांनी वाचवली तेवढी वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांनी लावलीसुद्धा नसतील. (हे घरी बोलले तर आमच्याच काकांना राग आला, असो.)

खाडीचं वेगळं, तिथे पाणीच मालक. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे त्या बाजूची साखरतरची खाडी, किंवा इकडे काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची, दोन्हीकडे कांदळवन, म्हणजे खाऱ्या चिखलातलं जंगल, आहे. लोक त्याला चिखल म्हणून नाक मुरडतात, आणि कचरा टाकायलाही तोच चिखल बरा वाटतो त्यांना. पण त्यातलीच पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राची राज्य कांदळवृक्ष आहे. चिखलातून वर आलेली टोकं म्हणजे तिची मुळं, गाळात हवा नसते म्हणून श्वासाला वर काढलेली. त्यांच्यामधून निवटे टुणटुण उड्या मारतात, मासा असून पाण्याबाहेर, मी तासभर बघत बसू शकते.

फक्त वेळ साधावी लागते आणि त्याला अ‍ॅप लागत नाही, तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही नि दुपारीही. पौर्णिमा-अमावास्येनंतर परत एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहाएक तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, आपण त्याच्या थोडं आधी पोचायचं आणि पाणी फिरलं की मुकाट्याने निघायचं.

भीती वाटते का, हेही विचारता. बिबट्याची नाही वाटत, फुरशाची, त्या छोट्या विषारी सापाची, वाटते. जांभ्याच्या दगडाखाली, गडग्याच्या फटीत बसलेलं असतं आणि मातीच्या रंगाचं असल्याने दिसतच नाही, म्हणून घोट्यावर येणारे बूट आणि गडग्यात हात घालायचा नाही, बस. माणसांचं म्हणाल तर वाडीतल्या कुणीतरी आजी हटकतातच, "कोणाकडची गो तू?" त्यांना नीट सांगायचं, परवानगी घ्यायची, मग त्याच सांगतात जमीन कुणाची, केस कुणी घातली आणि कोण कुणाच्या लग्नाला गेलं नाही. तलाठ्याकडे मिळणार नाही एवढी माहिती फुकट.

आमच्या मागच्या तुकड्याच्या वारसांचं मात्र जमलंय म्हणे, मोजणीवाले येऊन खुणा करून गेले. तेव्हा यायचं असेल तर तो आधी बघू, खाडी कुठे पळून जात नाही. सकाळी लवकर या, आणि चपला घालून येऊ नका.