साक्षीच्या आधीचा अर्धा तास

‘पोलिसांनी माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही.’

सेशन्स कोर्टात स्टेनो असताना हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की न्यायाधीश साहेबांनी नुसतं ‘पोलिसांनी’ म्हटलं की पुढचं माझी बोटंच उरकायची. उलटतपासात आरोपीचा वकील विचारतो, आज सांगताय ते पोलीस जबाबात आहे का? ते नसतं. मग हे उत्तर, आणि बऱ्याचदा खटला तिथूनच गळायला लागतो.

लोक म्हणतात, सरकारी वकील मॅनेज झाला. असेलही एखादा. पण मी जे बघितलं त्यात अडचण बहुतेक वेळा वेळेची होती. एका कोर्टात जामीन, दुसऱ्यात युक्तिवाद, तिसऱ्यात साक्षीदार येऊन थांबलेला, हाताखाली धड कारकून नाही. साक्षीदाराचा चेहरा पहिल्यांदा दिसायचा तो पिंजऱ्यातच.

एक मावशी आठवतात. बांधावरून भावकीत वाद, दिरानं नवऱ्यावर कोयता चालवला, मध्ये पडल्या म्हणून त्यांच्याही हाताला लागलं. कलम ३०७, म्हणजे खुनाचा प्रयत्न. साक्षीचा दिवस उजाडला तेव्हा घटनेला बरीच वर्षं लोटली होती. मावशी सकाळपासून व्हरांड्यात उभ्याच, कारण बाकावर दीर, त्याचा मुलगा आणि त्यांची माणसं बसलेली. दुपारी पुकारा झाला. सरकारी वकील दुसऱ्या कोर्टातून धावत आले, फाइल उघडत म्हणाले, “तुम्हीच ना त्या?” मावशींनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “साहेब, तुम्ही आमचे का त्यांचे?”

प्रश्न वेडेपणाचा नव्हता. सरकारी वकील फिर्यादीचा नसतोच, तो सरकारचा. काहीही करून शिक्षा लावायची, हेही त्याचं काम नाही. शिव कुमार विरुद्ध हुकम चंद या १९९९च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय, आणि मला ते पटतं. आरोपीच्या जागी उद्या आपल्या घरातलं कुणी असू शकतं. पण म्हणून ज्याच्यावर वार झाले त्याच्याशी बोलायचंच नाही, असं कुठल्याही निकालात लिहिलेलं नाही.

मावशींनी साक्षीत सांगितलं, पुतण्यानं नवऱ्याचे हात धरले होते. जबाबात ते नव्हतं. का नव्हतं? जबाब घेतला तेव्हा नवरा आत ऑपरेशनला आणि मावशी दवाखान्याच्या पायरीवर, स्वतःच्या हाताला टाके पडलेले. हे त्यांनी मला नंतर, निकालाच्या दिवशी सांगितलं. सरतपासात, म्हणजे सरकारी वकील आपल्याच साक्षीदाराला विचारतो तेव्हा, एक प्रश्न विचारला असता तर रेकॉर्डवर आलं असतं. पण विचारणाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. मी टाइप केलं: ‘कारण मी सांगू शकत नाही.’

साक्षीदाराला आधी भेटलं तर ‘पढवलं’ म्हणतील, ही भीती वकिलांना असते आणि साक्षीदाराला त्याहून जास्त. ‘सरकारी वकिलांनी सांगितलं तसंच बोलताय ना?’ असं आरोपीच्या वकिलानं दरडावून विचारलं की बिचारा घाबरून म्हणतो, मी त्यांना कधी भेटलोच नाही. मग तेच खोटं पकडलं जातं. अहो, जबाब वाचून दाखवला तर सरळ हो म्हणा. भेटण्यात काही गैर नाही. काय बोलायचं ते शिकवणं वेगळं.

कायदा पीडितांच्या बाजूनं हळूहळू सरकतोय, हे मान्य. फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या २००९ अखेरच्या दुरुस्तीपासून पीडिताला स्वतःचा वकील देता येतो. त्याला आपल्याकडे ‘मूळ फिर्यादीतर्फे’ म्हणतात. मात्र २०१९च्या रेखा मुरारका निकालाप्रमाणे तो स्वतः उठून साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही, सुटलेला प्रश्न त्यानं सरकारी वकिलाच्या लक्षात आणून द्यायचा. अशा चिठ्ठ्या न वाचता फाइलखाली सरकवलेल्या मी पाहिल्यात. आणि शेजारी खुर्ची ओढून ‘बसा, अजून काय राहिलं?’ विचारणाऱ्या एक सरकारी वकील बाईही पाहिल्यात. त्यांच्या केसेसमध्ये साक्षीदार फितूर व्हायचे नाहीत असं नाही, पण कमी व्हायचे.

१ जुलै २०२४पासून त्या संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तपास कुठवर आलाय ते पोलिसांनी ९० दिवसांत पीडिताला कळवायचं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर कोर्टानं आधी पीडिताचं म्हणणं ऐकायचं. चांगलंच आहे. माझं मागणं याहून फारच किरकोळ आहे: सरकारी वकिलाला एक कारकून, एक खोली, आणि तारखेच्या आदल्या दिवशी साक्षीदाराबरोबर अर्धा तास. शिवाय आरोपीच्या माणसांपासून लांब, साक्षीदारांसाठी एक बाक. ‘सरकारी वकिलांचं सक्षमीकरण’ म्हणून हॉटेलात शिबिरं घेण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

मावशींच्या खटल्यात पुतण्या संशयाचा फायदा मिळून सुटला. दिराला ३०७ऐवजी हलकं कलम लागलं. त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “आता?” कोर्टाच्या माणसानं सल्ला द्यायचा नसतो. मी फक्त निकालाची प्रत मिळते तो नक्कल विभाग आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाची खोली दाखवली. नोकरी संपली, आता सगळं बोलता येतं, म्हणून लिहिते. आरोपी सुटला, हलक्या कलमात अडकला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. सरकारनं करायची वाट बघावी लागत नाही. कोर्टाची आधी परवानगीही लागत नाही, हे २०१८च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालानं ठरलंय. नुसती शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र करता येत नाही. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. निकालाच्या प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज टाका, मुदत निकालाच्या तारखेपासून धावते.