साडेतीनशेची बेगमी

कुणकेश्वरच्या जत्रेतून माणसाने काय आणावं, याचे आमच्याकडे काही संकेत आहेत. खाजं आणावं, खडखडे लाडू आणावेत, घरात चार विळ्या असताना पाचवी आणावी. २०२० सालच्या महाशिवरात्रीला मी यातलं खाजं तेवढं आणलं आणि सोबत एक व्हिडिओ गेम आणला. तळहातावर मावणारा, लाल प्लास्टिकचा, खोक्यावर ठसठशीत '४०० इन १' छापलेला. दुकानदार साडेचारशे म्हणाला, मी अडीचशे म्हणालो, मागून गर्दीचा लोंढा आला आणि त्या धक्क्यात सौदा साडेतीनशेला तुटला.

घरी आईने पिशवीत हात घातला तर खाज्याच्या आधी तोच हाताला लागला.

"ह्या काय हाडलंस?"

"गेम आहे. मुलीसाठी."

"चेडवाचा नाव सांगतंस आणि खेळतलंस तू."

आईचं बरोबर होतं. पण माझीही अपेक्षा फार नव्हती. जत्रेतल्या वस्तूचं आयुष्य शिमग्यापर्यंत, असा आपला अनुभव. शिट्टी तिठ्यावर येईपर्यंत वाजते, चावीचं माकड दुसऱ्या दिवशी हात जोडून बसतं. हा गेम रात्री चालू झाला तरी पैसे फिटले, अशा हिशेबाने मी बटण सरकवलं. दोन श्वासांत पडद्यावर यादी आली. नाव टाका नाही, नंबर द्या नाही, अपडेट नाही, मध्येच रमीची जाहिरात नाही. पहिला गेम 'काँट्रा', गोळ्या झाडत पुढे जायचा. सुरुवातीच्या चित्रावर माझा अंगठा मला न विचारताच हलला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. या चोरखुणेने तीस जीव मिळाले, म्हणजे तीस वेळा मरायची मुभा! माझ्या एटीएमचा पिन मी वर्षातून दोनदा विसरतो.

हे बोटांत कुठून आलं, तर मुंबईच्या चुलतभावाकडून. मे महिन्यात चाकरमानी आले की त्यांच्या ट्रंकेतून फरसाण, चादरी आणि एके वर्षी टीव्ही गेम निघाला. गावातल्या आमच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला त्याची वायर जोडायला अर्धा दिवस गेला. गेमची कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, परत ठोकायची. फुंकरीने काही होत नसतं, उलट थुंकीच्या ओलाव्याने आतले पितळी दात खराब होतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पण काढून पुन्हा घातल्यावर ती चालायची, आणि श्रेय फुंकरीला मिळायचं. अशी बरीच श्रेयं आमच्याकडे वाटली जातात.

तर या साडेतीनशेच्या डब्याचा दिशादर्शक खटका मला चक्क आवडला. दाबला की दबतो, सोडला की सुटतो. महागड्या फोनच्या काचेवर अंगठा घासून घासून जे सुख मिळत नाही, ते इथे एका रबराच्या टिकलीत आहे. पडदा तीन इंचांचा, पण त्यावर येणारं चित्र मुळात जेमतेम २५६ ठिपके रुंद, त्यामुळे लहान पडद्यावर ते उलट घट्ट दिसतं. आवाजाबद्दल मात्र बोलू नये. पातेल्यात रातकिडा सोडल्यासारखा तो वाजतो, आणि कमी करायचा तर एकदम बंदच होतो. आणि ते ४००? आम्ही बापलेकीने एका दुपारी वही घेऊन मोजले. एकच गेम तीन ठिकाणी तीन नावांनी, एका ठिकाणी तर नुसता माणसाचा सदरा हिरव्याचा निळा केलेला. दशावतारात मघाशी मेलेला राक्षस वेश बदलून ऋषी होऊन येतो आणि आपण ओळखूनही ओळख देत नाही, तसं. पुनरावृत्ती वजा करून खेळण्याजोगे पन्नास-साठ निघाले. साडेतीनशेला पन्नास म्हटलं तरी नगाला सात रुपये.

हे गेम ज्यांनी बनवले त्यांना या सात रुपयांतला छदामही जात नसणार, हेही सांगून टाकतो. जत्रेतल्या दुकानात कोणी परवान्याचा कागद दाखवत नाही आणि मीही विचारला नाही. परड्यातले आंबे कोणी उतरवून नेले तर मी गाव डोक्यावर घेतो, हे आठवून थोडं ओशाळायला होतं. थोडंच.

एका रविवारी मी त्याची पाठ उघडली. चार स्क्रू. आत एवढं रिकामं की वाटलं, माल काढून घेऊन नुसतं टरफल विकलं की काय. एक हिरवी पट्टी, चार तारा आणि मधोमध काळा, चकचकीत, वाळलेल्या फणसाच्या चिकासारखा एक गोळा. त्या गोळ्याखाली १९८३ साल दडलेलं आहे. त्या वर्षी १५ जुलैला निन्टेंडो कंपनीने जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं, टीव्हीवर गेम खेळायचं यंत्र १४,८०० येनला विकायला काढलं. त्यात हिशेब करणारी चिप वेगळी, चित्र काढणारी वेगळी, स्मरणाच्या चिपा आणखी वेगळ्या. पुढे चीन-तैवानकडच्या कारागिरांनी तो सगळा बारदाना एकाच सिलिकॉनच्या कपच्यावर बसवला आणि वर राळेचा थेंब टाकून बुजवला. आमच्या गावात आलेला तो 'टीव्ही गेम' म्हणजेसुद्धा फॅमिकॉमचीच नक्कल.

मूळ यंत्राची काम करतानाची स्मरणशक्ती किती, तर २ किलोबाइट, म्हणजे साधारण दोन हजार बाइट. देवनागरीतल्या एकेका खुणेला संगणक ३ बाइट घेतो, काना-मात्रा वेगळे मोजून. म्हणजे जत्रेपासून त्या चावीच्या माकडापर्यंत मी वर जेवढं लिहिलं, साधारण तेवढ्यातच ती भरली. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा गेम अख्खा ४० किलोबाइटचा. रोज सकाळी ग्रुपवर येणारं गुलाबाचं सुप्रभात त्याहून जड असतं. जागा पुरवायची म्हणून त्या लोकांनी काय काय केलं! मारिओतला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. ढग पांढरा, झुडूप हिरवं. हे मी आईला दाखवलं. तिने चष्मा सारखा करून नीट पाहिलं आणि म्हणाली, "शाणी माणसां." जुन्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीचं पायपुसणं करणाऱ्या बाईची ही दाद आहे, नुसती गंमत नव्हे.

निन्टेंडोतच गुनपेई योकोइ नावाचे एक अभियंते होते. हातात धरून खेळायचा 'गेम बॉय' त्यांच्या हाताखाली तयार झाला, १९८९ मध्ये. त्याच सुमारास इतर कंपन्या रंगीत पडद्याचे गेम काढत होत्या आणि सहा सहा सेल चटाचट खात होत्या. योकोइंनी करड्या-हिरव्या चार छटांचा पडदा घेतला, चार सेल घातले, आणि तो कितीतरी जास्त वेळ चालला. बाजारही त्यानेच मारला. त्यांचं म्हणणं असं की अगदी नवीन तंत्राच्या मागे लागू नये. जुनं, स्वस्त झालेलं, खोडी कळून चुकलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा वेगळाच उपयोग काढावा. अशा तंत्राला ते जो जपानी शब्द वापरत, त्याचा अर्थ सुकलेलं, वाळलेलं.

हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर जपान काही आलं नाही, आमच्या माजघरातले डबे आले. सुकट, सोलं, आंब्याची साठं. ताज्या बांगड्याचा रुबाब या कशालाच नाही. पण जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, रस्त्यावर झाड पडलेलं असतं, तेव्हा घर चालतं ते यांच्यावर. माझा पुण्याचा भाचा गणपतीला आर-३६-एस नावाचा हातात मावणारा नवा गेम घेऊन आला होता. त्यात संगणकावरचं लिनक्स चालतं, प्लेस्टेशनचे गेम चालतात, पडदा बघत राहावा असा. उत्तम वस्तू आहे. पण ती बांगडा आहे. माझी सुकट आहे.

आणि तिची खरी परीक्षा मे २०२१ मध्ये झाली, तौक्ते वादळात. रात्रभर माड एकमेकांवर आपटत होते. सकाळी अंगणात आंब्यांचा सडा, गोठ्याचे पत्रे शेजारच्या परड्यात आणि विजेचे खांब आडवे. आमच्या वाडीत पाच दिवस लाईट नव्हती. फोनची रेंज पहिल्याच दिवशी गेली, मग फोनही मेले. पोरं खळ्यात नुसती एकमेकांच्या खोड्या काढत फिरत होती. तेव्हा मुलीने कपाटातून तो लाल डबा काढला. थोडा जीव होता त्यात. दोन तासांत तोही संपला.

मघा पाठ उघडल्याचं सांगितलं, त्यात एक गोष्ट राहिली. त्या गेमला जी बॅटरी लागते ती बीएल-५सी. नोकियाच्या ११०० ला लागायची तीच, चपटी, काढता-घालता येणारी. आणि आमच्या वाडीतली निम्मी म्हातारी माणसं अजून बटणाचा फोन वापरतात. पहिले आले शेजारचे तात्या. पोरांची रडारड त्यांनी गडग्यापलीकडून ऐकली होती. फोनची पाठ नखाने उचकटत म्हणाले, "रेंज नाय तर फोन काय चुलीत घालूचो? घाल ही." आठवडाभर चार्ज न करता चालणारी बॅटरी ती, जवळजवळ भरलेली. संध्याकाळपर्यंत आणखी तीन जमल्या. कुठली कोणाची हे कळावं म्हणून आईने हळदीच्या बोटाने त्यांच्यावर खुणा केल्या. नियम एकच ठरला: मेलो की दुसरो.

चौथ्या दिवशी दुपारी कुठल्यातरी टॉवरला जनरेटर लागला आणि रेंज आली. तात्या लगबगीने आले, हातात उघड्या पाठीचा फोन.

"माझी ब्याटरी खंय आसा?"

मुलगी तिसऱ्या टप्प्यावर होती, धबधब्यावर. या गेममध्ये मध्येच थांबून उद्या तिथूनच सुरू करायची सोय नाही. बॅटरी काढली की सगळं गेलं. तिने मान वर न करता सांगितलं, "तात्याआजोबा, रवा जरा. मेलंय की देतंय."

तिच्याकडे तीस जीव होते. तात्या बाकड्यावर टेकले. मग सरकत सरकत तिच्या खांद्यामागे आले. मुंबईहून त्यांचा मुलगा चार दिवस फोन लावून हैराण झाला असणार, ही गोष्ट मला आठवली, त्यांनाही आठवत असावी.

"तो बघ, वरसून येता," तात्या म्हणाले. "मार तेका."