वजन बरोबर, तरी गाडी थांबवली

खाणीकडून कारखान्यांच्या पट्ट्याकडे जाणाऱ्या मालवाहतुकीच्या रस्त्यावर, टोलनाक्यालगतच्या वजनकाट्यावर मी काम करतो. त्या दिवशी लोहखनिज भरलेला चार एक्सलचा, म्हणजे चाकांचे चार आस असलेला टिपर आला. एकूण वजन मर्यादेच्या आत, खाणीवरच्या पावतीशी जुळणारं. पण मागच्या दोन्ही एक्सलवर मर्यादेपेक्षा जवळपास १५ टक्के जास्त भार दिसत होता.

चालक वयस्कर होते. पावती माझ्यासमोर धरून म्हणाले, "साहेब, काट्याच्या पट्टीवर चाक आलं तेव्हा माझा ब्रेक लागला. आकडा खोटा आहे."

ब्रेक लागला हे खरं होतं. पण ब्रेक मारला की भार पुढे झुकतो, म्हणजे मागचा आकडा उलट कमी दाखवला गेला असणार. मी म्हटलं, "काका, पुन्हा घ्या. एका लयीत, ब्रेक न लावता." मागे रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. दुसऱ्या खेपेला आकडा २० टक्क्यांवर गेला.

बाहेरच्याला हे २० टक्के किरकोळ वाटतात. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात भरलेले ट्रक मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सतत फिरवून चाचणी झाली. एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने रस्ता झिजतो, असं तिच्यातून दिसलं. १.२ चा चौथा घात करा, दोनाच्या वर जातो. एका फेरीत दोन फेऱ्यांची झीज! आणि टोल एकाच फेरीचा. मला हे नेहमीच टोचतं.

ताडपत्री सोडली तर हौद्यात मागे ढीग, पुढे खळगा. लोडरने सगळा माल मागच्या बाजूलाच टाकला होता. ते बघून काका गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "तरीच. सकाळपासून स्टिअरिंग हलकं लागतंय."

माझ्या अंगावर काटा आला. पुढची चाकं रस्त्याला नीट धरत नव्हती आणि पुढे वळणावळणाचा घाट होता.

यार्डात गाडी घेऊन यंत्राने माल पुढे ओढला. काका तेवढ्यात गाडीखाली वाकून आले. मागच्या कमानपाट्याचं एक पान तडकलं होतं. मिस्त्री येऊन ते बदलेपर्यंत दुपार उलटली. तिसऱ्यांदा काट्यावर घेतलं, सगळे एक्सल मर्यादेत.

निघताना काकांनी एक्सलवार वजनाच्या दोन्ही पावत्या मागून घेतल्या, आधीची आणि आताची.

"खाणीवरच्या पावतीत नुसती बेरीज असते," ते म्हणाले. "लोडरवाल्या पोराला ह्या दाखवतो."

मी दोन्हींवर शिक्का मारून दिला.