तुम्ही विचारलंत म्हणून: मी आमच्या बारच्या काउंटरवर का बसत नाही

"आई म्हातारपणी बारवर बसते आणि तू कोर्टात मिरवतेस?" इतकं उघड फार थोडे विचारतात. बाकीचे आडून येतात. "बार कसा चाललाय?" मग थोडं थांबून, "म्हणजे कुठला?" आणि हसतात. लग्नात, बाराव्याला, म्हापशाच्या बाजारात मासे घेताना, एकदा तर उलटतपासणीच्या मधल्या सुट्टीतही हे झालं आहे. उत्तर विचारणाऱ्यानेच ठरवून आणलेलं असतं: काळा कोट चढला, आता हिला दारूच्या काउंटरची लाज वाटते.

लाज नाही. त्या काउंटरच्या आतल्या बाजूला सोड्याच्या क्रेटवर बसून मी दहावी-बारावीचा अभ्यास केला. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत गर्दी व्हायची तेव्हा पुस्तक मिटून चण्याच्या बशा भरायच्या, हा नियमच होता. माझी लॉची फी त्या गल्ल्यातून गेली. लाज वाटायची असती तर ती तेव्हा वाटली असती, शाळेत. आणि वाटली नाही असंही नाही. पण ती चौदाव्या वर्षीची, तिचा आजच्या प्रश्नाशी संबंध नाही.

'बारमधून बारमध्ये', म्हणजे दारूच्या बारमधून वकिलांच्या बारमध्ये, हा विनोद मला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली त्या दिवसापासून ऐकवला जातो. ऐकवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं तो त्यालाच पहिल्यांदा सुचला. त्यात विनोदापेक्षा इतिहास जास्त आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'बार' म्हणजे आडवा दांडा, अडसर. लंडनच्या इन्स ऑफ कोर्टमध्ये, म्हणजे वकील घडवणाऱ्या जुन्या संस्थांमध्ये, असं एक लाकडी कठडं असे, शिकाऊ वकिलाला त्यापाशी बोलावलं की तो 'बारवर आला'. त्यातूनच बॅरिस्टर. आणि १६व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांच्या दारूच्या गुत्त्यांतही ज्या फळीवरून पेले सरकवले जात, तिला हेच नाव पडलं. लाकूड एकच. गंमत एवढीच की कोर्टातल्या लाकडाला नमस्कार करतात आणि गुत्त्यातल्या लाकडाला नाव ठेवतात. आमच्या गोव्यात १९६१पूर्वी, पोर्तुगीज अमलात, वकील म्हणजे 'आदवोगाद', त्यामुळे आजोबांच्या पिढीला हा घोळ नव्हताच. बाबांच्या तोंडी 'बार' म्हटला की तीन गोष्टी असत: दुकान, लग्नाचा उडवलेला बार आणि दाढेत भरलेला तंबाखूचा. वकिलांचा बार माझ्यामुळे घरात आला.

आता मूळ मुद्दा. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलचे नियम आहेत. ४७वा सांगतो, वकिलाने स्वतः धंदा करू नये. ५०वा सांगतो, वडिलोपार्जित धंदा वारशाने आला तर त्यात हिस्सा ठेवता येईल, पण त्याच्या व्यवस्थापनात स्वतः भाग घेता येणार नाही. बाबा गेल्यावर गोव्याच्या कायद्याने अर्धा वाटा आईचा मूळचाच, उरलेल्यात भाऊ आणि मी. भाऊ बोटीवर. लायसन आईच्या नावावर. म्हणजे बार माझाही आहे आणि तो मी चालवायचा नाही. विचारणाऱ्याला मी हे सांगते तेव्हा तो मान डोलावतो आणि म्हणतो, "ते ठीक आहे गे, पण..."

त्या 'पण'साठी २०१७ सांगावं लागेल.

आमचा बार पेडण्यात, ६६ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गाला लागून. १५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत १ एप्रिलपासून दारूविक्री नको. बाबा पहिले तीन महिने निवांत होते. त्यांचं म्हणणं, निकाल बाटली विकणाऱ्या दुकानांचा आहे, बसून पिण्याच्या बारचा नाही. हा काही अडाण्याचा तर्क नव्हता, दिल्लीत मोठे मोठे वकील तोच मांडत होते. ३१ मार्चला न्यायालयाने तो फेटाळला: गाडी चालवणाऱ्याने दारू दुकानातून घेतली काय आणि बारमध्ये बसून घेतली काय, रस्त्याला फरक पडत नाही. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना तेवढी सूट मिळाली, ५००चे २२० मीटर झाले. आमची पंचायत त्यात बसत होती. पण आमच्याकडे टेप लावायची गरज नव्हती. रस्त्यावरून कुणी हाक मारली तर बाबा काउंटरवरून ओ देत.

त्या संध्याकाळी काका आले. ते जन्मभर खनिजाच्या बार्जवर. त्यांनी धीर दिला तो त्यांच्या पद्धतीने: मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा बार, म्हणजे वाळूचा दांडा, दर पावसाळ्यात बंद होतोच की. मग बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत काढायची आणि मुरगावला न्यायची. "तसं मागच्या वाटेने दार काढ." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अंतर महामार्गाच्या कडेपासून मोजतात, दारापासून नाही.

"तू बारमध्ये आहेस ना?" बाबा म्हणाले. "मग बोल की त्यांच्याशी."

ते चेष्टा करत होते. निदान निम्मी. मी मात्र सरळ उत्तर दिलं. "बाबा, कोर्टाचं चुकलेलं नाही." आदल्या वर्षी आमच्याकडून उठून गेलेला एक माणूस पुढच्या वळणावर स्कूटरसकट ट्रकखाली गेला होता. नाव घ्यायची गरज नव्हती, तिघांच्याही डोळ्यांसमोर तोच होता. त्या दिवसापासून बाबांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला होता. तिसरा पेग मागणाऱ्याने स्कूटरची चावी त्यात टाकायची. भांडणं झाली, दोन-तीन गिऱ्हाइकं कायमची तुटली, डबा हलला नाही.

बाबांनी तो डबा उचलून माझ्यासमोर ठेवला. "चावी मी काढून घेतो. कोर्ट घेतं का?"

मला उत्तर आलं नाही. म्हणजे आलं होतं, की प्रत्येक बारवाल्याकडे डबा नसतो आणि कायदा एका भल्या माणसाला धरून लिहीत नाहीत. ते मी बोलले नाही, आणि त्याचं मला आजही बरंच वाटतं. पण त्या वेळची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, तू निकालाची बाजू घेतलीस कारण तुला नवा कोट मिरवायचा होता. मी म्हणते, स्कूटरवाल्याच्या बायकोला जाऊन विचार. ती म्हणते, विचारलंस का तू? नाही विचारलं. मग दोघी गप्प बसतो, पुढच्या वेळेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून शटर खाली. बाबा सवयीने संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसत. ओळखीची गाडी थांबे. "बार बंद?" बाबा म्हणत, "मुलीच्या बारने माझा बार बंद केला." हे वाक्य कौतुकाचं होतं की टोमणा, त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळलं नाही. ते पंचक्रोशीत फिरलं, फिरत फिरत कोर्टाच्या बार रूममध्ये आलं, आणि तिथल्या एका ज्येष्ठांनी चहा पिताना ते मला ऐकवलं तेव्हा सगळे खो-खो हसले. मीही हसले. तुमच्यापैकी पुष्कळांना माझी गोष्ट एवढीच माहीत आहे, या विनोदापुरती.

फेब्रुवारी २०१८मध्ये न्यायालयाने पंचायत भागातला निर्णय राज्यांवर सोपवला आणि आमचं शटर पुन्हा वर गेलं. पहिल्या संध्याकाळी मी पदर खोचून आत शिरायला गेले, पूर्वीसारखी. बाबांनी काउंटरची फळी खाली टाकली. "वकिलीणबाई, तुमची जागा बाहेर." मला वाटलं चेष्टा. पण फळी वर झाली नाही. त्यांनी कुणाकडून तरी ते नियम वाचून घेतले होते, "सनद जाईल तुझी" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. तोवर तर धंदा त्यांचा होता. मुलीने बशा भरल्या म्हणून कुणाची सनद जात नाही, हे मी त्यांना कलमासकट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला गिऱ्हाइकाच्या बाजूने लिंबू सोडा दिला.

तेव्हा ते मला वाचवत होते की त्या रात्रीचं उट्टं काढत होते? मी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करू शकते, फी न घेता. आईला विचारलं तर ती म्हणते, "तुझे बाबा एवढे खोल नव्हते." पैशाच्या दाव्याला आम्ही तीन वर्षांची मुदत मोजतो, ती उलटली की दावा मुदतबाह्य होतो, त्याला बार लागतो. माझ्या या प्रश्नाला तो बाबांबरोबरच लागला.

तर नियम ५० हे माझं कारण आहे की आडोसा, असं तुम्हाला विचारायचं असेल तर सरळ विचारा. कारण आहे. नियम उद्या रद्द झाला तर मी बसेन का? ते ज्या दिवशी विचाराल त्या दिवसावर आहे. हरलेल्या तारखेच्या संध्याकाळी मला त्या गल्ल्याइतकं प्रामाणिक काही दिसत नाही. जिंकलेल्या दिवशी हा विचार डोक्यातही येत नाही. हे मला शोभत नाही, पण आहे ते असं आहे.

आईचे गुडघे आता दुखतात. कामाला माणूस आहे, पण हिशेब ती कुणाला देत नाही. भाऊ फोनवरून म्हणतो, विकून टाक. आई म्हणते, तुझ्या नावावर कर आणि वकिली थांबव. सनद स्वतःहून स्थगित करता येते, हे तिला मीच कधीतरी सांगितलं होतं. मी म्हणते, माणसाचा पगार वाढवू या. तिघांपैकी कुणीच दुसऱ्याचं ऐकलेलं नाही, आणि लायसनच्या नूतनीकरणाची तारीख मार्चअखेरीस येते ती येतेच.

तोवर ज्यांना अजून विचारायचं आहे त्यांनी आईलाच विचारावं. संध्याकाळी सातनंतर ती काउंटरवर असते. चावी डब्यात टाकावी लागेल, आणि तिचं उत्तर माझ्याइतकं लांब नसतं.